मागची खुर्ची

बाल्कनी किती फूट आहे, एवढं एकच वामनरावांनी विचारलं होतं. गेले दहा दिवस ते हेच विचारत होते आणि गेले दहा दिवस त्यांना उत्तर म्हणून फोटो येत होते.

फोटोत बाल्कनी एवढी मोठी दिसायची की तिच्यात पंगत बसली असती. दोन खुर्च्या, मधे गोल टेबल, टेबलावर फळांची बशी, पलीकडे निळं पाणी. वामनराव पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं सर्व्हेअर होते. फोटोवरून मोजमाप काढायला त्यांना सांगायची गरज नव्हती. खुर्चीची रुंदी धरायची आणि बाकीचं काढायचं. पण फोटो काढणाऱ्यानं भिंग असं काही लावलं होतं की पुढची खुर्ची सोफ्याएवढी दिसत होती आणि मागची बाहुलीच्या खेळातली. त्यावरून काहीच निघत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी ते स्वतःच रामदासपेठेतल्या ट्रॅव्हल एजन्सीत जाऊन बसले. खिशात टेप होता. तिथं मोजायला काही नाही हे त्यांना कळत होतं, तरी घेतला होता.

"सर, फूट असं नाही देत कंपनी," करिष्मा म्हणाली. त्यांचं काम बघणारी मुलगी तीच. पंचवीस-सव्वीस वर्षांची, चेहऱ्यावर कायम हसू, आणि आज ते हसू जरा दमलेलं. "टोटल एरिया देते. एकशे ब्याऐंशी स्क्वेअर फूट, बाल्कनी धरून."

"धरून म्हणजे किती धरून? आतली किती, बाहेरची किती?"

"ते मी मुंबई ऑफिसला मेल केलं होतं सर. रिप्लाय आला आहे." तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. उत्तर एका ओळीचं होतं. बाल्कनीचा आकार केबिननुसार बदलू शकतो.

"हे उत्तर आहे?"

"सर..."

"मी कालव्याची रुंदी किती म्हणून विचारलं आणि खात्यानं लिहून पाठवलं की रुंदी जागेनुसार बदलू शकते, तर शेतात पाणी पोचंल का, सांगा बरं."

करिष्मा हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "सर, एप्रिलच्या ट्रिपला बाल्कनीच्या दोनच केबिन उरल्या आहेत. एक सहाव्या मजल्यावर, एक आठव्या. कोणतीही घ्या, बाल्कनी म्हणजे बाल्कनी. समुद्र तर सेमच दिसतो ना."

हे वाक्य वामनरावांनी आधी कुठंतरी ऐकलं होतं, पण रागाच्या भरात कुठं ते आठवेना.

ही ट्रिप मुळात दिवाळीची होती. मुंबईहून निघायचं, गोवा आणि लक्षद्वीप करून पाच दिवसांनी परत यायचं. ठरवली होती लतिकाबाईंनी. लतिकाबाई म्हणजे वामनरावांच्या पत्नी. त्यांनी समुद्र एकदाच बघितला होता, मुलाच्या मुंजीनंतर, तोही टॅक्सीतून. एजन्सीच्या पत्रकात दोन खुर्च्यांच्या फोटोवर त्यांनी बॉलपेननं बरोबरची खूण केली होती आणि विचारलं होतं, "काहून जी, यात दोन खुर्च्या बाजूबाजूले बसतील का?"

"पाहू," वामनराव म्हणाले होते. बुकिंग झालं. ऑगस्टमध्ये लतिकाबाई गेल्या. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखते म्हणाल्या, आणि दुपारी सगळं संपलं. मुलानं, जितेंद्रनं, एजन्सीला कळवलं तेव्हा त्यांनी बुकिंग रद्द न करता पुढं ढकलून ठेवलं. मार्चअखेरपर्यंत नवी तारीख ठरवा, नाहीतर बाद. ती मुदत उद्या, शनिवारी संध्याकाळी सहाला संपत होती.

जायचं की नाही हा प्रश्न वामनरावांच्या मनात नव्हताच. लतिकाबाईंनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. दोन खुर्च्या बाजूबाजूला बसतील का. हो की नाही.

"मजल्याचा नकाशा तरी असंल," ते म्हणाले.

"तो आहे सर. पण त्यावर मापं नाहीत."

"पलंग दाखवला आहे?"

"हो, छोटे छोटे चौकोन आहेत."

"छापून द्या. आणि कठडा किती उंच आहे? तेही बदलू शकते का?"

तिनं मेल चाळला. कठड्याचं माप मात्र होतं, कारण तो सुरक्षेचा नियम असतो. तीन फूट सात इंच, दोन्हीकडं सारखाच. सहाव्या मजल्यावर पत्र्याचा, आठव्यावर काचेचा.

"उद्या सहापर्यंत फोन करा सर," ती म्हणाली. "प्लीज. त्यानंतर माझ्या हातात काहीच नाही."

हुडकेश्वरच्या घरी येऊन त्यांनी जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला. पलंग साडेसहा फुटी, असं पत्रकात लिहिलं होतं. नकाशातला पलंग पट्टीनं मोजला की बाकी सगळं निघतं. अर्ध्या तासात काम झालं. सहाव्या मजल्यावरची बाल्कनी पाच फूट चार इंच खोल. आठव्या मजल्यावरची दोन फूट नऊ इंच.

दोन फूट नऊ. त्यांनी पुन्हा मोजलं. मग पट्टी आपटली.

तेवढ्यात बंगळुरूहून जितेंद्रचा फोन आला. "झालं का बाबा फायनल?"

"नाही."

"अहो, मी तर म्हणतो बिनखिडकीची घ्या. दिवसभर तुम्ही वरच फिरणार, खोलीत फक्त झोपायला जाणार. आणि एकट्याला दोन खुर्च्या कशाला लागतात?"

"तुझ्या आईनं खूण केली होती."

जितेंद्रनं हळूच विचारलं, "बाबा, ते पत्रक जपून ठेवलं आहे का तुम्ही?" वामनरावांनी फोन ठेवला. राग त्याच्यावर नव्हता. पण कोणावर होता तेही सांगता आलं नसतं, आणि समोर सापडेल त्याच्यावर तो निघत होता.

दोन फूट नऊ इंच हे माप त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या स्वतःच्या गॅलरीचं माप तेच होतं.

घर बांधलं त्याला सव्वीस वर्षं झाली. मूळ नकाशात वरच्या बेडरूमची गॅलरी साडेचार फुटी होती. प्लॉटवर फक्की मारून लाइनआउट टाकलं, तेव्हा चुन्याच्या रेघांत उभं राहून वामनरावांनीच ती कापली. बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट करायचं होतं. लतिकाबाई कडेला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघं बसू कसे मंग?" आणि वामनराव म्हणाले, "गॅलरी म्हणजे गॅलरी. हवा तर तेवढीच येते."

करिष्माचं ते वाक्य कुठं ऐकलं होतं ते आता त्यांना आठवलं. ऐकलं नव्हतं. तेच बोलले होते.

तेव्हापासून त्या गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या एकामागं एक लागल्या, एसटीतल्या सीटसारख्या. बाजूला शेजाऱ्यांची भिंत होती. रस्ता आणि फाटक दिसायचं ते गॅलरीच्या टोकाच्या जाळीतून. पुढच्या खुर्चीवर वामनराव पेपर घेऊन, कारण उजेड तिथं होता. मागच्या खुर्चीवर लतिकाबाई, मांडीवर ताट. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायच्या, उन्हाळ्यात गहू निवडायचे. फाटकाची कडी वाजली की मागून आवाज यायचा, "कोण आलं जी?" वामनराव पेपर खाली करून बघायचे आणि सांगायचे, दूधवाला. नाहीतर, नळवाला. नाहीतर, कोणी नाही, कुत्रं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं. आपल्या बायकोला विचारायची सवय आहे, एवढंच त्यांना वाटायचं.

शनिवारी सकाळी आठ वाजता वामनरावांनी दोन्ही खुर्च्या गच्चीवर नेल्या. मग फक्कीची पिशवी, सुतळी, टेप, चार विटा आणि कपाट केलं तेव्हापासून जिन्याखाली पडलेला प्लायवूडचा तुकडा. मार्चचं ऊन आठलाच टोचायला लागलं होतं. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गच्चीवर बोटीच्या दोन बाल्कन्या आखल्या. पूर्ण मापाच्या. एक पाच फूट चार इंचाची, तिच्यासमोर विटांवर प्लायवूड उभं केलं, बरोबर तीन फूट सात इंचावर. दुसरी दोन फूट नऊ इंचाची, तिच्यासमोर त्याच उंचीवर नुसती सुतळी, कारण ती काच.

शेवटची रेघ मारत होते तेव्हा जिन्यातून चपलांचा आवाज आला.

"अरे बापा! हे काय करून राहिले जी भाऊजी? गच्चीवर बंगला बांधता का?"

यमुताई होत्या. लतिकाबाईंची मोठी बहीण. वय चौऱ्याहत्तर, घर दोन गल्ल्या सोडून. लतिकाबाई गेल्यापासून दर शनिवारी डबा घेऊन यायच्या आणि डब्याबरोबर चार गोष्टी सुनावूनही जायच्या. बांधा तसाच, उंची तशीच, चार फूट दहा इंच. आवाजही पुष्कळसा तसाच, म्हणून वामनराव त्या बोलत असताना शक्यतो दुसरीकडे बघायचे.

"बोटीची बाल्कनी आहे."

"कोणती बोट?"

"लतिकाची."

यमुताईंनी डबा पाण्याच्या टाकीखाली सावलीत ठेवला. "पाटोड्यांचा रस्सा आहे. गरम करून खाजा, तसाच नका खाऊ." मग पदरानं घाम पुसून त्या फक्कीच्या रेघांकडे बघत राहिल्या. "आन हे उभं काय केलं?"

"कठडा. पत्र्याचा. यमुताई, तुम्ही इथं बसा जरा."

"मी? काहून?"

"तुमची उंची बरोबर आहे."

त्या काय समजायचं ते समजल्या. रेघ ओलांडून आत आल्या. फक्कीला पाय लागू नये म्हणून साडी थोडी उचलून घेतली, जसं खरंच कोणाच्या घरात शिरतात तसं. वामनरावांनी पाच फुटी बाल्कनीत दोन्ही खुर्च्या बाजूबाजूला ठेवल्या. बसल्या. मधे एक टेबलही बसलं असतं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं.

"पाहा, बसल्या की नाही? आता समोर बघा. ते समोरच्यांच्या गच्चीवर काळी टाकी आहे नं, तो समुद्र समजा."

"टाकी समुद्र?"

"समजा म्हटलं नं."

यमुताईंनी बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "मले तर फळी दिसून राहिली."

"फळीच्या वरून बघा."

"फळीच्या वरून आभाळ दिसते. आभाळ पाहाले कोणी बोटीत जाते का, भाऊजी? ते तर इथीच गंज, ढिगानं पडलं आहे."

वामनराव त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले आणि टेप लावला. जमिनीपासून यमुताईंच्या डोळ्यापर्यंत. तीन फूट सात इंच. कठडाही तीन फूट सात इंच. डोळा आणि कठड्याची कड एकाच पातळीत. समोर काही दिसायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या खुर्चीवर स्वतः बसून बघितलं. त्यांचा डोळा चार इंच वर होता. त्यांना टाकी स्वच्छ दिसत होती, टाकीवर बसलेला कावळासुद्धा.

"खुर्चीखाली विटा घालू," ते म्हणाले.

"बोटीत विटा घेऊन जासान? मुंबईच्या विमानात घेऊ देतीन का?"

"मग उशी. दोन उश्या."

"आन पाय लटकत ठेवू? लहान लेकरावाणी?"

"तुम्ही जरा गप्प बसाल का!" वामनराव ओरडले. त्यांचा आवाज शेजारपर्यंत गेला. "सगळ्यांले चेष्टा सुचून राहिली. ते कंपनीवाले माप देत नाहीत, पोरगा म्हणते बिनखिडकीची घ्या, ती पोरगी म्हणते सेमच दिसते. साध्या दोन खुर्च्या म्हणतो मी. दोन माणसं बसली पाहिजे आणि दोघांले दिसलं पाहिजे. एवढं एक काम होऊन नाही राहिलं कोणाच्यानं!"

यमुताई रागावल्या नाहीत. "दुसरी दाखवा," एवढंच म्हणाल्या.

"दुसरीत काय दाखवू? दुसरी म्हणजे आपली गॅलरीच आहे. अडीच-पावणेतीन फूट. समोर तोंड करून बसलं तर गुडघे कठड्याले लागते."

"आखली आहे नं? मंग दाखवा."

वामनरावांनी पाय आपटत खुर्च्या दुसऱ्या चौकोनात नेल्या. सरळ बसेनात. तिरप्या केल्या, एकीच्या मागं एक, दोन्हींची तोंडं सुतळीकडे वळवून. तशा बसल्या. मग ते पुढच्या खुर्चीवर बसले आणि मागं न बघताच म्हणाले, "बसा. आणि काय दिसते सांगा."

यमुताई मागच्या खुर्चीवर बसल्या. मान इकडे केली, तिकडे केली.

"सांगा नं!"

"तुमची पाठ दिसून राहिली. बनियन उलटी घातली आहे तुम्ही, लेबल बाहेर आहे."

"यमुताई, टाकी!"

"टाकीचं झाकण दिसते. अर्धं. बाकी टाकीच्या जागी तुमचा खांदा आहे."

"तेच म्हणतो मी!" त्यांनी मांडीवर हात मारला. "तेच. म्हणूनच ही नको. घरी सव्वीस वर्षं झालं, आता बोटीतही तेच. काच असून काय उपयोग? जागाच नाही, तर दोघांले दिसणार कसं?"

"उठा तिथून," यमुताई म्हणाल्या.

"कुठून?"

"पुढून. उठा. मले बसू द्या तिथी, आन तुम्ही मागं या."

त्यांना वाटलं बाईला ऊन लागलं. पण उठले. यमुताई पुढं येऊन बसल्या, पदर मांडीवर घेतला आणि सुतळीपलीकडे बघितलं.

"आता दिसते. सुतळीखालून बी, वरून बी. टाकी दिसते. टाकीमागचा मंदिराचा झेंडा दिसते. कावळा दिसते. आन ते समोरच्याईचं पोट्टं पतंग घेऊन उभं आहे, ते बी." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुमाले?"

वामनराव मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांची उंची पाच फूट दहा. यमुताईंच्या अंबाड्याच्या वरून त्यांना सगळं दिसत होतं. टाकी, झेंडा, कावळा, पतंग. काहीही अडलं नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी लेव्हलच्या दुर्बिणीतून बघण्याचं काम केलं होतं. नजरेच्या रेषेत काय आडवं येतं आणि ते कसं चुकवायचं, याचाच पगार मिळत होता त्यांना. उंच माणूस मागं, बुटका पुढं. हे तर शाळेत वर्गाचा फोटो काढताना चपराशीसुद्धा सांगतो.

"लती मागं बसत होती नं?" यमुताईंनी विचारलं.

"हो."

"आन तुम्ही पुढं."

"उजेड तिथं होता. पेपर वाचाले."

"हं. चार जिल्ह्याचे कालवे मोजले तुम्ही."

"तिनं कधी म्हटलं नाही!" वामनराव एकदम उसळले. "एकदा तरी म्हणायचं होतं. उठा म्हणायचं होतं, तुम्ही आता म्हटलं तसं! मी नाही म्हटलं असतं का? गॅलरी छोटी, गॅलरी छोटी, हे शंभरदा म्हटलं तिनं. मले वाटलं जागेची गोष्ट आहे. मी बोटीतही जागाच शोधत होतो. दहा दिवस! त्या पोरीले छळलं मी दहा दिवस!"

यमुताई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागला, पण वामनरावांनी हात दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. "मी बी बहीणच तिची," त्या म्हणाल्या. "तुमाले उठा म्हणाची मले भीती नाही. तिले होती असं नाही, पण तुम्ही पेपर वाचून राहिले की तिले बोलवत नसे. बस." आणि जिन्याकडे जाता जाता, "डबा संध्याकाळी नेतो. रिकामा करून ठेवा."

दुपारभर वामनराव जेवले नाहीत. पाटोड्यांचा रस्सा तसाच राहिला. चार वाजता त्यांनी खुर्च्या खाली आणल्या आणि गॅलरीत जिथल्या तिथं ठेवल्या, एक पुढं, एक मागं. मग मागच्या खुर्चीवर बसले.

सव्वीस वर्षांत ते या खुर्चीवर बसले नव्हते. बसून त्यांना फाटक दिसत होतंच, कारण ते उंच होते आणि पुढची खुर्ची रिकामी होती. त्यानं काम भागत नव्हतं. त्यांनी टेप आणला, भिंतीवर तीन फूट सात इंचावर पेन्सिलनं खूण केली आणि डोळे त्या खुणेला येईपर्यंत खुर्चीत खाली खाली सरकले. पाठ दुखली. पाय पुढच्या खुर्चीखाली गेले. आता डाव्या हाताला भिंत होती, उजव्या हाताला शेजाऱ्यांचं प्लास्टर, आणि समोर त्यांच्या खुर्चीची पाठ. वेताच्या विणीत वरच्या बाजूला तेलाचा काळा डाग होता. त्यांच्याच डोक्याच्या तेलाचा. हे एवढं दिसत होतं. यापलीकडे काही नाही.

ते तसेच अर्धे आडवे होऊन बसले होते आणि खाली फाटकाची कडी वाजली.

त्यांना दिसलं नाही. कोण आलं, हे विचारायला तोंड उघडलं गेलं, आणि मग लक्षात आलं की पुढं सांगायला कोणी नाही.

त्यांना उठूनच बघावं लागलं. कोणी नव्हतं. कडी सैल होती, वाऱ्यानं वाजली होती.

साडेपाचला फोन वाजला. करिष्मा होती. तिनं फोन करायचं ठरलं नव्हतं, तरी तिनं केला होता. "सर, अर्धा तास आहे. मी होल्ड करून ठेवल्या आहेत दोन्ही. सहावा की आठवा, काहीतरी एक करा ना सर."

"आठवा."

"आठवा?" तिला खरं वाटलं नाही. "सर, पण नकाशात तर ती छोटी दिसते. तुम्हीच म्हणत होते की..."

"मी म्हणत होतो. दहा दिवस म्हणत होतो. माझं चुकलं. आठवा करा."

"ओके सर. करते." कीबोर्डचा आवाज आला. "सर, एक सजेशन देऊ? तुम्ही सिंगल आहात तर एक खुर्ची काढून ठेवायला सांगू का त्यांना? मग मोकळी वाटेल बाल्कनी."

"नको," ते इतक्या जोरात म्हणाले की पलीकडे कीबोर्ड थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नको बेटा. दोन राहू द्या. मी मागं बसीन."

"काय सर?"

"काही नाही. दोन खुर्च्या लिहून द्या. मेलमध्ये. नाहीतर ते म्हणतीन, खुर्च्या केबिननुसार बदलू शकतात."

या वेळी ती हसली.

फोन ठेवून वामनराव खुर्च्यांची अदलाबदल करायला उठले. काम पाच मिनिटांचं वाटलं होतं, पण त्या गॅलरीत दोन खुर्च्या एकमेकींच्या बाजूनं जात नव्हत्या. आधी एक बेडरूममध्ये न्यायला हवी होती, आणि बेडरूममध्ये दारालाच ते कपाट होतं, ज्याच्यासाठी गॅलरी कापली होती. खुर्चीचा पाय कपाटाच्या कडीत अडकला. त्यांनी ओढला. निघेना. तिरपी केली, उलटी केली, बोटाचं साल निघालं. "भैताडासारखं कपाट!" ते स्वतःशीच ओरडले आणि कपाटाला एक लाथ घातली. त्यात लतिकाबाईंच्या साड्या होत्या, अजून कोणी हलवल्या नव्हत्या. मग त्यांनी बोट तोंडात धरलं आणि थोडा वेळ पलंगावर बसून राहिले. पुन्हा उठून खुर्ची डोक्यावर उचलली आणि कशीबशी पार केली.

तिची खुर्ची पुढं, जाळीपाशी. त्यांची मागं.

ते मागं बसले. पुढच्या खुर्चीच्या पाठीवरून फाटक दिसत होतं, रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडचा रिकामा प्लॉट दिसत होता. तिथं एक म्हैस बसली होती. पेपर वाचण्याइतका उजेडही मागं येत होता. नीट येत होता.

कडी वाजली. यमुताई होत्या, डबा न्यायला आल्या होत्या. आत शिरता शिरता सवयीनं त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं आणि जागीच थांबल्या. पुढची खुर्ची रिकामी आणि मागच्या खुर्चीवर वामनराव, हे त्यांनी दोनदा बघितलं.

"काय जी भाऊजी," त्या खालूनच म्हणाल्या, "दिसते का?"

"दिसते," वामनराव म्हणाले. "फाटक नीट लावा. कडी सैल आहे, वाजत राहते."